मारेगेच्या किनाऱ्यावरील मुक्काम

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील आर्न्हेम लँडच्या किनाऱ्याने जो प्रवास करतो त्याला, खारफुटीची बने आणि वाळूचे लांबच लांब पट्टे मागे टाकता टाकता, एखाद्या निवाऱ्याच्या खाडीपाशी चिंचेचे जुने, डेरेदार झाड दिसते; आणि त्या झाडाच्या आसपास थोडा शोध घेतला, तर एका ओळीत मांडलेल्या दगडी चुलींचे अवशेष, मातीच्या भांड्यांच्या खापऱ्या व कोळशाने काळवंडलेली भुई आढळते. चिंच ही त्या भूमीची मूळ रहिवासी नव्हे. सुलावेसी बेटावरील मकासर बंदरातून दरसाल येथे येणाऱ्या दर्यावर्द्यांच्या शिध्यात ती होती, आणि तळावर पडलेल्या चिंचोक्यांची ही झाडे झाली. या मुलुखाला ते लोक मारेगे म्हणत.

त्यांना येथवर ओढून आणणारी वस्तू दिसायला अगदी क्षुद्र: उथळ समुद्राच्या तळाशी पडून राहणारी समुद्रकाकडी, म्हणजेच ट्रेपांग. चिनी लोकांच्या मेजवानीत व औषधोपचारात तिला फार मान असल्यामुळे मकासरच्या बाजारात तिला भाव येई. डिसेंबरच्या सुमारास वायव्येचे मोसमी वारे सुरू झाले की गलबते निघत, आणि एप्रिलच्या सुमारास आग्नेयेचे वारे स्थिरावले की भरल्या मालानिशी परत फिरत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा व्यवहार भरास आला होता, याविषयी संशय नाही.

1803 च्या फेब्रुवारीत 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून या किनाऱ्याचे सर्वेक्षण करणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सला अशा सहा गलबतांचा एक ताफा भेटला, आणि त्याच्या जहाजावरील एका मलय स्वयंपाक्याने दुभाष्याचे काम केले, म्हणून त्या भेटीची सविस्तर हकीकत आज आपल्याला उपलब्ध आहे. ताफ्याचा वयस्क नाखवा पोबासू याने सांगितले, की गेल्या वीस वर्षांत आपण सहा-सात सफरी केल्या असून या किनाऱ्यावर प्रथम आलेल्यांपैकी आपण एक आहोत. यंदा एकंदर साठ गलबते व हजार माणसे आली आहेत, असेही तो म्हणाला. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता. एक लहानसे डच बनावटीचे होकायंत्र, बांबूच्या नळकांड्यांत भरलेले पाणी, तांदूळ, नारळ, सुकी मासळी आणि थोड्या कोंबड्या एवढ्या सामग्रीवर ही माणसे शेकडो मैलांचा खुला समुद्र ओलांडून येत, हे वाचताना त्यांच्या नौकाविद्येविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

तळ पडला की महिनोगणती किनारा जागता होई. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातून व एरवी बुड्या मारून समुद्रकाकड्या गोळा करायच्या, लोखंडी कढयांतून उकळायच्या, पोट चिरून साफ करायच्या, वरचे खवलट आवरण सुटावे म्हणून काही काळ वाळूत पुरायच्या, खारफुटीच्या सालीबरोबर पुन्हा उकळून त्यांना रंग चढवायचा, आणि शेवटी बांबूच्या झोपड्यांत धुरावर वाळवून काळ्या, कडक मालाची पोती भरायची, असा तो क्रम होता. मूळ वजनाचा अगदी थोडा अंश उरे. परंतु तो महिनोन् महिने टिके.

ही भूमी मात्र निर्जन नव्हती. योल्ङू व त्यांच्या शेजारच्या जमातींनी या पाहुण्यांना पाणी, लाकूड व मासेमारीची मुभा दिली, त्यांच्याबरोबर श्रम केले, कासवाचे कवच दिले. मोबदल्यात लोखंडी कुऱ्हाडी, कापड, तंबाखू, तांदूळ आणि कोरलेल्या होड्या मिळवल्या. कलह होत, रक्तही सांडे. खुद्द पोबासूच्या गुडघ्यात भाला लागला होता. तरी काही योल्ङू तरुण त्या गलबतांतून मकासरपर्यंत जाऊन आले, आणि यिर्कलाजवळ वुर्वुर्वुय येथे भुईवर दगड रचून या लोकांनी त्या गलबतांची चित्रे मांडली, आतल्या कप्प्यांसह व चुलींसह. पाहुण्याच्या जहाजाचा अंतर्भाग इतका ठाऊक असणे हे दीर्घ सहवासावाचून शक्य नाही, असे मला वाटते.

पुढे, हा किनारा ज्यात मोडतो त्या नॉर्दर्न टेरिटरीचा कारभार पाहणाऱ्या साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने 1880 नंतरच्या दशकात या गलबतांवर परवाना व जकात बसवली, आणि 1906 साली परवाने देणेच बंद केले. शेवटचे गलबत, उसिंग डायंग रांगका याच्या नेतृत्वाखालील, 1907 मध्ये परतले. ज्यांच्या किनाऱ्यावर हे तळ पिढ्यान् पिढ्या पडत होते, त्या यजमानांना या निर्णयात कोणी विचारले नाही. परक्या सरकारने परक्या प्रवाशांविषयी केलेला हा हुकूम यजमानांच्या हक्काची उपेक्षा होती, असे म्हणणे भाग आहे. त्यांची लोखंडाची, कापडाची व तंबाखूची आवक त्यामुळे एकाएकी थांबली.

त्यानंतर शतकभराने, 30 जुलै 2008 रोजी, ब्लू मड बे खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने या किनाऱ्यावर ओहोटीच्या रेषेपर्यंतच्या पाण्यात प्रवेश देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार तेथील मूळ भूधारकांचा असल्याचे मान्य केले, आणि आज या भागात तंबू ठोकू इच्छिणाऱ्या प्रवाशास आधी त्यांचीच परवानगी मागावी लागते.