वसईचा जुना बाजारहाट व आपला ख्रिस्ती समाज

ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या देवळाचा इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे प्रथम पायाचा दगड, मग वेदी, मग घंटा, मग एकामागून एक आलेले विगार, असा क्रम सहज मनांत येतो. परंतु देवळांत जीं माणसें गुडघे टेकीत, तीं मिस्सा आटोपल्यावर कोणत्या वाटेनें घरीं जात, वाटेंत काय विकत घेत, कोणाकडे उधार मागत आणि त्यांच्या पदरीं पैसा कोठून येई, ह्याचा विचार केल्यावांचून धर्मग्रामाचा इतिहास पुरा होत नाहीं, असें आम्हांस वाटतें. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत वसईचा बाजारहाट कसा चाले, हें आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों. हा विषय कोणास ऐहिक वाटेल. परंतु ज्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांनीं १५९७ सालीं नागासाकी येथें क्रुसावर प्राण दिला आणि ज्यांस १८६२ सालीं संतपद मिळालें, ते वसईचे सुपुत्र संन्यासी होण्यापूर्वीं कांहीं काळ व्यापारच करीत होते, हें विसरून चालणार नाहीं.

वसईचें नांव घेतांच किल्ला, १७३९ सालचा चिमाजी अप्पांचा विजय आणि १८०२ सालचा तह आठवतो. आम्ही लिहितों त्या काळीं किल्ला ओस पडला होता व वसई हें ठाणें जिल्ह्यांतील एका तालुक्याचें लहानसें ठिकाण होतें. मामलेदाराची कचेरी, पोस्ट, एक बाजारपेठ आणि सभोंवार वाड्या, असें त्याचें रूप होतें. १८६४ सालीं मुंबई व सुरत ह्यांस जोडणारा बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग पुरा झाला. परंतु स्टेशन पडलें गांवाच्या पूर्वेस चार-पांच मैलांवर. त्यामुळें आगगाडी आली तरी टांगा, बैलगाडी आणि आपले दोन पाय ह्यांचें महत्त्व कमी झालें नाहीं. खाडींतून मचवे चालत, ते निराळेच.

त्या काळचा हिशेब आजच्या मुलांस कोड्यासारखा वाटेल. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. पै ही पोरांच्या खाऊची वस्तु नव्हती. मीठ, मिरची, हळद हीं गरीबाच्या घरीं पै-पैशानेंच येत. धान्य तोलून नव्हे तर मापून घेत. दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. माप सपाट घ्यावयाचें कीं शिगेचें, हा प्रश्न मोठा होता. कारण शेराशेरामागें जी मूठभर शीग पडे, ती वर्षाकांठीं कित्येक दिवसांचा भात होई. शुभवर्तमानांत भरल्या मापाविषयीं प्रभूनें जें सांगितलें आहे, त्याचा अर्थ आमच्या आज्यांस कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. तें माप त्या रोज डोळ्यांनीं पाहत होत्या.

सर्वच व्यवहार नाण्यानें होत असें मात्र नाहीं. पाचूबंदर, नायगांव, अर्नाळा येथील कोळणी डोकीवर पाटी घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडत आणि मासळीच्या मोबदल्यांत सुपांतील भात पदरांत घेत. शेतकऱ्याच्या घरीं रोख पैसा नसे व कोळ्याच्या घरीं शेत नसे; म्हणून हा जुना विनिमय दोघांसही सोयीचा होता. सामवेदी, वाडवळ, कोळी ह्या आपल्या समाजांच्या बोली निराळ्या, लुगड्याची तऱ्हा निराळी. तथापि घासाघीस करतांना त्या बोली एकमेकींस चांगल्या समजत.

पेठेंतील दुकानदार बहुधा वाणी, गुजराथी किंवा बोहरी असत. दुकानाच्या फळ्या उघडल्या कीं तांदूळ, डाळ, गूळ, मीठ, खोबरेल, सुतळी, खिळे, सारें एकाच छपराखालीं. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दूरदेशची कित्येक जिन्नसें ह्या लहानशा दुकानांत येऊन बसलीं होतीं. पांढऱ्या साखरेस लोक मोरस म्हणत. मॉरिशस बेटाचें नांवच तिला चिकटलें होतें. दिव्याच्या तेलास रॉकेल म्हणत, तेंही रॉक ऑइल ह्या परदेशी नांवाचेंच मराठमोळें रूप. रॉकेल संपलें तरी डबा वायां जात नसे. तो पाणी भरावयास किंवा धान्य ठेवावयास घरांत वर्षानुवर्षें राही. आगकाड्या स्वीडन व जपान येथून येत. १९२२ सालीं त्यांवरील जकात वाढली आणि पुढें आपल्याच जिल्ह्यांत अंबरनाथ येथें काड्यांचा कारखाना उभा राहिला. चहाचा प्रसार व्हावा म्हणून सरकारनें १९०३ सालीं चहावर खास कर बसविला व त्या पैशांतून जाहिरात चालविली. पेजेवर वाढलेल्या घरांत चहाची किटली शिरली ती ह्याच काळांत.

मिठाची गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वसईच्या खाडीकांठीं मिठागरें असतांना आपल्याच दारचें मीठ करामुळें महाग पडे. सरकारी मणास अडीच रुपये असलेला हा कर १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. १९१६ सालीं तो पुनः सव्वा रुपया झाला आणि १९२३ सालीं एका वर्षापुरता दुप्पट, म्हणजे अडीच रुपये झाला. मासळी खारविणाऱ्या कोळ्यास ह्या चढउतारांची झळ किती लागत असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

आठवड्याचा बाजार पापडीस शुक्रवारीं भरे. शुक्रवार हा आपल्या लोकांचा मांसवर्ज्य दिवस. आणि बाजारांत पाहावें तर सुक्या बोंबलांच्या, करदीच्या व जवळ्याच्या राशी. ही सांगड कोणी मुद्दाम घातली असेल असें आम्ही म्हणत नाहीं, परंतु ती घरोघरच्या चुलीस मानवली एवढें खरें. वैशाखाच्या अखेरीस ह्या बाजारास निराळेंच तेज चढे. पावसाळ्याचे चार महिने वाटा चिखलानें बंद होत, समुद्र खवळे, मचवे किनाऱ्यास लागत; म्हणून आगोटीची बेगमी आधींच करावी लागे. सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कांदे, सरपण व छपराची शाकारणी ह्यांची तजवीज ज्या घरांत झाली, तेथील गृहिणी निश्चिंत. जेथें झाली नाहीं, तेथें श्रावणांत शेजाऱ्याचें दार ठोठावणें प्राप्त होई. वर्षाची मोठी खरेदी मात्र निर्मळच्या यात्रेंत होई. ही यात्रा कार्तिक वद्य एकादशीस भरते. ती हिंदु बांधवांची. परंतु तांब्यापितळेचीं भांडीं, घोंगड्या आणि राजेळी केळ्यांचीं सुकेळीं घेण्यास आपले लोकही तितक्याच उत्साहानें जात.

रविवारचा नियम निराळा होता. १९१७ सालच्या धर्मसंहितेंत रविवारीं जड कामें व उघड बाजार ह्यांस मनाई होती. मात्र जेथें जुनी रूढी असेल तेथें सवलत दिली होती. मिस्सेनंतर देवळाबाहेर झाडाखालीं भाजीची पाटी किंवा चण्याची टोपली घेऊन कोणी बसलें तर विगारबाबा डोळेझांक करीत तें ह्या सवलतीमुळें कीं दयेमुळें, हें त्यांचें त्यांस ठाऊक! खरेदीहून मोठा व्यवहार तेथें चाले तो बातम्यांचा. कोणाची सोयरीक जमली, कोणाचा बैल मेला, कोणाचा मुलगा मुंबईस नोकरीस लागला, हें सर्व त्या अर्ध्या तासांत कळे. एका पैशाचें पोस्टकार्ड १९२२ सालीं अर्ध्या आण्याचें झालें तेव्हां मुंबईकर मुलांचीं पत्रें कमी झालीं असतील; देवळाच्या आवारांतील टपाल मात्र फुकटच राहिलें.

आतां ह्या खरेदीस पैसा येई कोठून? तो येई वाडींतून. रहाटास बैल किंवा रेडा जुंपून विहिरीचें अथवा बावखलाचें पाणी काढीत आणि केळी, पानवेली, ऊस, भाजी व फुलें पिकवीत. बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी हीं केळ्यांचीं नांवें आपल्या वाडवडिलांस मुलांच्या नांवांसारखीं तोंडपाठ होतीं. माल मचव्यानें, पुढें आगगाडीनें, मुंबईस जाई. तेथें दलाल तो विकी आणि हमाली, भाडें व आपली दलाली कापून पट्टी पाठवी. पट्टींतील आंकडा बरोबर कीं चूक, हें पाहण्यास शेतकरी तेथें नसे. आणि दलालाची आगाऊ रक्कम घेतलेली असल्यामुळें तोंडही उघडतां येत नसे. ज्या बायका भाजीची टोपली घेऊन स्वतः मुंबईस जात त्यांच्या हातीं मात्र रोख पैसा पडे, आणि पदराच्या गांठींतील त्या पैशावरच पुष्कळ घरांतील मुलांचीं पाटी-पुस्तकें आलीं, हें आम्हांस कृतज्ञतापूर्वक नमूद केलें पाहिजे.

येथवरचें वर्णन वाचून जुना काळ सोन्याचा होता असें कोणी म्हणेल. आम्ही तसें म्हणणार नाहीं. दुकानांत लाल कापडाची वही असे व त्या वहींत बहुतेक घरांचें नांव असे. वाणी उधार देई म्हणूनच पावसाळा निभावे, हें खरें. त्याच्या ह्या उपकाराचा विसर पडूं नये. परंतु लग्न, आजार आणि मृत्यु हे तीन खर्च वहींत मावत नसत. त्यांसाठीं सावकाराच्या ओट्यावर जावें लागे. आधीं दागिना, मग झाडें, मग वाडी, अशा क्रमानें वस्तु गहाण पडत. आणि ज्यास अक्षरओळख नाहीं त्यानें कागदावर अंगठा उमटविला कीं आंत काय लिहिलें आहे तें देवच जाणे. लग्नांत शेजाऱ्यापेक्षां मोठा मांडव घालण्याची हौस आपल्या लोकांतही कमी नव्हती. म्हणून सारा दोष सावकारावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं.

ह्या दुखण्याची परमावधि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झाली. १९१४ पासून कापड, रॉकेल, धान्य ह्यांचे भाव चढत गेले. चांदी दुर्मिळ झाली आणि १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट निघाली; जो रुपया वाजवून घ्यावयाचा तो आतां घडी करून ठेवावयाचा, ह्याचें लोकांस मोठें नवल वाटलें. १९१८ सालीं पाऊस दगा देऊन गेला व त्याच वर्षीं इन्फ्लुएंझाची साथ आली. ज्या घरांत कर्ता पुरुष आडवा झाला, तेथें औषध, मेणबत्ती व शवपेटी ह्यांचा खर्च एकदमच उभा राहिला.

त्याच १९१८ सालीं मॉन्सिनिऑर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकारानें बॅसीन कॅथॉलिक सहकारी पतपेढीची स्थापना झाली. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला होता व १९१२ सालीं तो अधिक व्यापक करण्यांत आला होता. परंतु कायदा कागदावर असणें वेगळें आणि वाडींतल्या शेतकऱ्यानें आपली चार रुपयांची शिल्लक दुसऱ्याच्या गरजेसाठीं विश्वासानें ठेवणें वेगळें. सहकाराचें तत्त्व साधें आहे. सभासदांनीं थोडें थोडें भांडवल घालावें, त्यांतून गरजूस माफक व्याजानें कर्ज द्यावें, आणि त्याच्यासाठीं त्याच्याच ओळखीच्या माणसांनीं जामीन राहावें. जो रविवारीं आपल्या शेजारीं गुडघे टेकतो त्याचा जामीन झाल्यावर त्याची शेती, त्याचें व्यसन, त्याचें आजारपण ह्यांकडे लक्ष देणें भागच पडतें. शेजारधर्म हा शब्द उपदेशांतून हिशेबाच्या वहींत आला तो असा. ती लहानशी पतपेढी पुढें बँक झाली, हें सर्वांस विदित आहे.

पुढचा इतिहास वाचकांस बराचसा ठाऊक आहे. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला व रंगूनचा तांदूळ बंद झाला. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें आणि त्याच वर्षीं भोकाचा पैसा निघाला. १९५७ सालीं रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि १९५६ च्या कायद्यानें आलेल्या किलोग्रॅमनें शेर-पायलीस हळूहळू निरोप दिला. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. कित्येक बावखलें बुजलीं, वाड्यांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. आज जिन्नस घरबसल्या दारीं येतो, व तो आणून देणाऱ्याचें नांवही आपण विचारीत नाहीं. सोय पुष्कळ झाली, तिचा आम्हांस हेवा नाहीं. परंतु पूर्वीं दुकानदारास आपल्या घरांतील आजारी माणूस ठाऊक असे व आपणांस त्याच्या मुलीचें लग्न ठाऊक असे. ती ओळख कोणत्याही मापानें मोजून विकत मिळत नाहीं.

शेवटीं एक विनंति. ज्यांच्या घरीं जुनीं गहाणखतें, दलालांच्या पट्ट्या, किराण्याच्या वह्या, चिपटीं-मापटीं अद्याप असतील त्यांनीं तीं रद्दींत किंवा मोडींत घालूं नयेत; आपल्या पूर्वजांच्या घामाचे ते दाखले आहेत. आणि ज्युबिलीचा मूळ अर्थच कर्जमुक्तीचा आहे, हेंही ध्यानांत ठेवावें. पवित्र शास्त्रांत ज्युबिलीच्या वर्षीं गहाण गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे, असें सांगितलें आहे. आपल्या वाडवडिलांनीं एकमेकांचे जामीन राहून ती मुक्ति थोडीफार आपल्या हातानें साधली. आपणही आपल्या शेजाऱ्याचे तसेच जामीन व्हावें, आणि देतांना आपलें माप शिगेचें असावें, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.