दसऱ्याची नालबंदी आणि शिपायाचा हिशेब

विजयादशमीस आपट्याची पाने सोने म्हणून एकमेकांस देण्याची चाल आपल्या सर्व कुटुंबांत आहे. मुलांस तिचे कारण विचारले तर ती रघुराजाची व कौत्साची कथा सांगतात, आणि ती त्यांनी सांगावीच. परंतु या सणाशी दुसऱ्याही एका सोन्याचा संबंध होता व त्याचा उल्लेख शालेय पुस्तकांत क्वचितच येतो. पावसाळ्यात घरी राहून शेत पाहणारा शिलेदार दसऱ्याच्या सुमारास घोडा घेऊन पुन्हा चाकरीस रुजू होई. तो घरातून निघावा म्हणून त्याच्या हाती आगाऊ काही रोख रक्कम ठेवावी लागे. तिला नालबंदी म्हणत. नाव घोड्याच्या नालांवरून पडले असले तरी त्या पैशांतून नाल ठोकण्यापलीकडे बरेच काही होत असे. खोगीर दुरुस्त होई, सावकाराचे तोंड बंद होई, आणि मागे राहणाऱ्या बायकामुलांच्या दाणागोट्याची तजवीज होई.

प्रस्तुत लेखक संशोधक नव्हे. जन्म मुलांस बेरीज-वजाबाकी शिकविण्यात गेला. म्हणून इतिहास वाचतानाही लढाईच्या वर्णनापेक्षा पगाराच्या हिशेबाकडे दृष्टी अधिक जाते, एवढेच.

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराचा घोडा व सरंजाम सरकारचा. शिलेदाराचे दोन्ही स्वतःचे. शिवाजी महाराजांनी बारगिरांच्या पागेवर भर दिला. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीस लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. जुमलेदारास ५०० होन, हजारीस १००० होन. पगार रोख किंवा महालावरील वरातेने. गाव तोडून द्यावयाचे नाही. दसऱ्यास लष्कर छावणीतून निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची यादी होई. आठ महिने मुलूखगिरी करून वैशाखात परतताना सरहद्दीवर झाडा घेत आणि यादीपेक्षा अधिक निघालेला माल किंमत करून पगारातून वजा करीत. सातशे मैल तुडवून आलेल्या स्वाराची थैली सरहद्दीवर उलटी करून पाहणारा कारकून त्या स्वारास प्रिय झाला असेल असे वाटत नाही. परंतु हिशेब होत होता आणि बाकी मिळत होती, हे महत्त्वाचे.

महाराजांच्या पश्चात मोगलांशी झालेल्या दीर्घ युद्धात ही घडी राहिली नाही. खजिना रिकामा, माणसे तर हवीत. तेव्हा राजाराम महाराजांच्या काळी सरंजाम व वतने यांची आश्वासने देऊन सरदार उभे करावे लागले. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढले ते याच वाटेने. सरदाराने अमुक इतक्या स्वारांनिशी चाकरी करावी व त्याबद्दल अमुक मुलूख खावा, असा करार होई. आपल्या निफाड तालुक्यातील विंचूर हे विठ्ठल शिवदेवांचे असेच जहागिरीचे ठाणे, आणि चांदवडचा रंगमहाल होळकरांची आठवण सांगतो.

आता शिलेदाराचा हिशेब पाहू. आरंभी घोड्यामागे नालबंदी. स्वारीत असताना पोटापुरता रोजमुरा. अखेरीस हजिरीचे कागद पाहून, किती घोडी व किती दिवस प्रत्यक्ष चाकरीत होती ते धरून एकूण वेतन ठरे. त्यातून नालबंदी, रोजमुरा आणि गैरहजिरी वजा जाता उरेल ती बाकी. म्हणजे नालबंदी हे बक्षीस नव्हते. ती त्याच्याच वेतनाची उचल होती. कागदावर एका घोड्याचे दोन घोडे होऊ नयेत म्हणून रंग व खुणा टिपून ठेवीत आणि सरदाराच्या पथकावर सरकारचे फडणीस, मजमूदार असे दरकदार नेमीत. रीत उत्तम होती. दोष शेवटच्या ओळीत होता. बाकी वेळेवर पडत नसे.

कारण पैसा पुढे आणि वसूल मागे. स्वारी निघावयाच्या वेळी नालबंदी रोख द्यावयाची, आणि चौथाईचा पैसा यावयाचा तो स्वारी फत्ते झाल्यावर. मधली दरी सावकार भरून काढी. व्याज घेई आणि वर मनोतीही कापून घेई. थोरले बाजीराव रणांगणावर कोणास हार गेले नाहीत, परंतु धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत कर्जाची विवंचना पाहिली म्हणजे मन खिन्न होते. घोडा शिलेदाराचा स्वतःचा असल्याने तो मेला तर पोटाचे साधन गेले. म्हणून ऐन झुंजीत त्यास जपण्याकडे कल असे. यास भित्रेपणा म्हणणे सोपे आहे. ज्याचा घोडा म्हणजेच शेत, बैल आणि मुलीचे लग्न, त्याने तो तोफेपुढे घालताना क्षणभर विचार केला तर आश्चर्य नाही.

पानिपतच्या मोहिमेत हीच अडचण विकोपास गेली. सन १७६० मध्ये दिल्लीस भाऊसाहेबांनी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याचे सुमारे ९ लाख रुपये पाडले. एवढ्या लष्करास ते महिनाभर पुरणे कठीण. इब्राहिमखान गारदी याचे पायदळ मासिक रोख पगाराचे होते आणि तो त्यासाठी नेहमी आग्रह धरी. शिलेदारांची बाकी थकलेली असता गारद्यांस रोख पगार मिळावा, याचे इतर सरदारांस वैषम्य वाटे. काशिराजाच्या वृत्तांतात १४ जानेवारी १७६१ च्या सकाळचा प्रसंग आहे. इब्राहिमखान भाऊंस म्हणतो की माझ्या माणसांच्या पगाराच्या तगाद्यामुळे आपण माझ्यावर रुष्ट होता. या महिन्यात तर आम्हांस काहीच मिळाले नाही. पण त्याची चिंता नको, आज मी माझी चाकरी बजावतो. त्या दिवशी तो लढला, जखमी होऊन पकडला गेला व मारला गेला. त्याची बाकी कोणत्या दप्तरात जमा धरावी?

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात उलट चित्र दिसले. सुमेरसिंग व त्याचे गारदी थकलेल्या पगाराचा तगादा पुढे करून आत घुसले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. 'ध' चा 'मा' केल्याची आख्यायिका सर्वतोमुखी आहे; तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. परंतु शिपायांचा पगार चुकता असता तर कारस्थान करणाऱ्यांस त्या दिवशी ते सोंग इतक्या सहज आणता आले नसते, असे मला वाटते. नाशिककरांस या शोककथेची दोन्ही टोके परिचित आहेत. रघुनाथराव व आनंदीबाई यांचा वाडा आपल्या आनंदवल्लीस होता. आणि ज्यांचा पुत्र गेला त्या गोपिकाबाई गंगापुरास राहत. दोन्ही गावे एकाच गोदावरीच्या काठी, एकमेकांपासून तासाभराच्या वाटेवर.

एक गोष्ट मात्र पेशवे सरकारच्या बाजूने नोंदविली पाहिजे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांस 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक देत असत. बाकी थकविणारे दप्तर पोरक्या मुलाचे नाव लिहून ठेवीत होते.

सन १८१८ नंतर नालबंदी गेली व कंपनी सरकारचा दरमहा पगार आला. हिंदी शिपायास महिना ७ रुपये मिळत. ते १८९५ पर्यंत तेवढेच राहिले व मग ९ झाले. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ते ११ होते आणि त्यातूनच पोटाचा खर्च करावा लागे. शिधा फुकट मिळू लागला तो १९१७ पासून. रक्कम तुटपुंजी खरी, पण तारखेस हाती पडे, आणि म्हातारपणी पेन्शन असे.

तरीही पुन्हा भरतीच्या पैशाचा तंटा गोऱ्या लष्करातही झाल्यावाचून राहिला नाही. सन १८५८ च्या कायद्याने कंपनीचे राज्य राणीकडे गेले आणि कंपनीचे गोरे सैनिकही न विचारता राणीच्या चाकरीत वर्ग झाले. ते म्हणाले, आम्ही नोकरी कंपनीची पत्करली होती. नव्या धन्याकडे जावयाचे तर नव्याने भरती करा व भरतीची रक्कम द्या, नाहीतर मोकळे करा. सन १८५९ मध्ये मीरत वगैरे छावण्यांत त्यांनी हट्ट धरला. सरकारने रक्कम नाकारली, मोकळीक दिली. आणि सुमारे दहा हजार सैनिक सरकारी खर्चाने जहाजांत बसून विलायतेस निघून गेले. काटकसर कोणाची झाली, हे व्यापारी बांधवांनी सांगावे! पुढे दोनच वर्षांनी, १८६१ मध्ये, आपल्या देवळालीची छावणी वसली. मुदत भरलेले गोरे तेथे बोटीची वाट पाहत पडून राहत.

हे सर्व आठवण्याचे निमित्त असे झाले. माझा एक जुना विद्यार्थी अग्निवीर आहे. त्याचे प्रशिक्षण आपल्या नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात झाले. दिवाळीत रजेवर आला असता वही घेऊन घरी आला व म्हणाला, "गुरुजी, माझा हिशेब एकदा तपासून द्या."

जून १९९९ असो वा आणखी कोणतेही साल, मुलांची वही तपासताना मी आकडे मोठ्याने वाचतो, तसेच वाचले. २०२२ च्या योजनेप्रमाणे चार वर्षांचे मासिक वेतन अनुक्रमे ३०,०००, ३३,०००, ३६,५०० व ४०,००० रुपये. त्यातील तीन दशांश सेवानिधीत जमा, म्हणजे महिना ९,०००, ९,९००, १०,९५० व १२,०००. चार वर्षांचे मिळून ५,०२,२०० रुपये. तितकेच सरकार घालते, एकूण १०,०४,४००, व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार, आणि त्यावर प्राप्तिकर नाही. त्याची बेरीज बिनचूक होती.

"मग अडले कोठे?" मी विचारले.

"घरी आईने अकरा लाख धरूनच घराच्या स्लॅबचे ठरविले आहे. पण शंभरात पंचवीस जणांपर्यंत कायम घेतात. मला घेतले, तर?"

मी नियम पुन्हा वाचला. ज्यास कायम केले जाते, त्यास सेवानिधीतील फक्त स्वतःचा भाग व त्यावरील व्याज मिळते. सरकारचा भाग मिळत नाही. म्हणजे जो घरी परततो त्यास पूर्ण रक्कम, आणि जो पुन्हा चाकरीत राहतो त्यास सुमारे निम्मी. मात्र त्याच्यापुढे आणखी निदान पंधरा वर्षांची नोकरी व पेन्शन. पूर्वी राहणाऱ्यास आगाऊ पैसा देत. आता जाणाऱ्यास अधिक देतात. दोन्ही रकाने मी त्याच्या वहीत शेजारी शेजारी मांडून दिले. त्याने ते दोनदा वाचले, वही मिटली व म्हणाला, "आईस दुसरा रकाना आधी दाखवितो. स्लॅब थांबेल थोडा."

चहा घेऊन तो पाया पडला आणि शेवटची बस गाठण्यासाठी घाईने निघाला.