मेंदूतलं कुलूप आणि वहीतलं नाव



गेल्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटात अफूचा विषय निघाला. एक आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी बाळ रडायला लागलं की मोहरीएवढी अफू चाटवायची आणि शेतावर जायचं." तरुण मुली चपापल्या. पण आजी खरंच बोलत होत्या. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायाही तान्ह्या लेकरांना अफूची 'बाळगोळी' देत. हौसेनं नाही देत. पाळी चुकली तर मजुरी बुडायची, आणि बाळाजवळ बसायला दुसरं कुणी नसायचं. काही बाळं त्या झोपेतून उठलीच नाहीत.

मग आम्हाला प्रश्न पडला. एका झाडाचा चीक शरीरात जाऊन नेमकं काय करतो? दुखणं कसं थांबतं, झोप कशी येते, श्वास का मंदावतो? याचं उत्तर ज्यांच्या हातून मिळालं त्यांत एक बाई होती. तिचं नाव कँडेस पर्ट. आज तिचीच गोष्ट सांगतो.

कँडेस १९४६ साली अमेरिकेत न्यूयॉर्कला जन्मली. तिचं कॉलेज मध्येच सुटलं. लग्न झालं, मूल झालं. काही काळ तिनं हॉटेलात वाढपी म्हणून काम केलं. मग पुन्हा शिकायला लागली आणि ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजातून १९७० मध्ये पदवीधर झाली. पुढच्या शिक्षणासाठी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जायचं ठरलं होतं. तेवढ्यात ती घोड्यावरून पडली आणि पाठीला जबर मार लागला. अंथरुणात पडून असताना तिला मॉर्फिन देत होते. मॉर्फिन म्हणजे अफूपासूनच काढलेलं औषध. वेदना कुठल्या कुठे पळाल्या. शरीरात याला धरणारं काहीतरी असणार, हे तिच्या मनात बसलं.

शास्त्रज्ञांनाही तसा अंदाज होता. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. निरोप घेण्यासाठी पेशीच्या अंगावर जागा असते. तिला ग्राही किंवा रिसेप्टर म्हणतात. ग्राही म्हणजे कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली असं समजा. ज्या कुलपाची जी किल्ली, तीच त्यात फिरते. अफूचंही असं कुलूप असावं असं वाटत होतं, पण ते कुणाला दाखवता आलं नव्हतं.

हॉपकिन्समध्ये सॉलोमन स्नायडर हे तिचे मार्गदर्शक होते. काम असं होतं: उंदराचा मेंदू वाटायचा, त्यात किरणोत्सर्गी खूण केलेलं औषध मिसळायचं, गाळून धुवायचं आणि मेंदूच्या कणांना किती औषध चिकटून राहिलं ते यंत्रावर मोजायचं. महिने गेले, पण काही हाती लागेना. अफूच्या जातीचं औषध धुताना निघून जायचं. स्नायडर यांनी हे काम बंद करायला सांगितलं होतं, तरी आपण गुपचूप चालू ठेवलं, असं कँडेसनं पुढे १९९७ साली आपल्या पुस्तकात लिहिलं.

तिनं औषध बदललं. नॅलोक्सोन हे मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध. ही अशी किल्ली की जी कुलपात जाऊन घट्ट बसते पण फिरत नाही, आणि दुसऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही. तिनं त्यालाच खूण केली. १९७२ च्या ऑक्टोबरात यंत्रावरचे आकडे बोलू लागले. ते मेंदूच्या कणांना चिकटून राहिलं होतं. मग ताडून पाहिलं. जे औषध वेदना जास्त मारतं ते या जागेला जास्त घट्ट धरतं, असंच दिसलं. मार्च १९७३ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात लेख छापून आला. त्यावर पहिलं नाव कँडेस पर्टचं आणि दुसरं स्नायडर यांचं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनीही हेच दाखवलं.

पण खसखशीच्या झाडासाठी आपल्या मेंदूत कुलूप कशाला असेल? म्हणजे शरीर स्वतःही अशी किल्ली बनवत असणार. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन शहरात जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ती शोधून काढली. अशा रसायनांना आज एंडॉर्फिन म्हणतात. दुखणं सोसण्याची थोडी सोय निसर्गानं आपल्या आतच करून ठेवली आहे.

आता आजींच्या गोष्टीकडे परत येऊ. ही कुलपं वेदनेच्या वाटेवर असतात, तशीच आतड्यात आणि श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागातही असतात. म्हणून अफूनं हगवण थांबते, आणि म्हणूनच श्वासही थांबू शकतो. लहान बाळाला तर फार थोडीही पुरे होते. ती बाळं का उठली नाहीत, ते यात आलं. आणि तेच नॅलोक्सोन आज अफूच्या जातीचं औषध जास्त झालेल्या माणसाचा श्वास परत आणायला वापरतात.

सख्यांनो, गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. १९७८ मध्ये या शोधासाठी अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला. तो स्नायडर, ह्यूजेस आणि कोस्टरलिट्झ या तिघांना. कँडेसचं नाव नाही. एक बाजू म्हणाली, प्रयोगशाळा आणि दिशा प्रमुखाची, ती तर विद्यार्थिनी. दुसरी बाजू म्हणाली, लेखावर पहिलं नाव तिचं, हातही तिचेच. ती गप्प बसली नाही. पुरस्कार देणाऱ्यांना तिनं पत्र लिहिलं आणि समारंभाला जायला नकार दिला. वाद पेपरात गाजला. पुरस्कार काही बदलला नाही.

ती पुढे सरकारी संशोधन संस्थेत एका विभागाची प्रमुख झाली. मन आणि शरीर यांच्या नात्यावर तिनं पुढे मांडलेलं सगळंच शास्त्रज्ञांना पटलं नाही, हेही सांगायला हवं. २०१३ मध्ये ती वारली. पण १९७३ चं ते काम पक्कं उभं आहे.

हे वाचताना आम्हाला आमच्याच गटाची एक गोष्ट आठवली. एका प्रदर्शनात आमच्या लोणच्याला बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव आलं अध्यक्षांचं. मसाल्याचं प्रमाण ज्या मावशींनी तीन वर्षं करून, फेकून, पुन्हा करून बसवलं, त्या टाळ्या वाजवायला मागे उभ्या होत्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, कुणाच्या लक्षातच आलं नाही. मावशी काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत, तेव्हा आम्हाला कळलं.

तेव्हापासून आम्ही ठरावाच्या वहीत एक रकाना वाढवला आहे: 'काम कुणी केलं'. कर्ज कुणी मागितलं, हप्ता कुणी भरला हे जसं लिहितो, तसंच हेही लिहितो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अंगठा घेतो. पहिली नोंद मावशींच्या नावाची केली, जुनी तारीख घालून.

तुमच्या गटाची वही पुढच्या बैठकीत एकदा काढून बघा. आणि घरात कुणी बाळाला अजून अफू चाटवत असेल, तर आशाताईंना आजच सांगा.