पहिलं बाळंतपण कोणत्या वयात? आई आणि बाळासाठी काय सुरक्षित

मुलीला पाळी सुरू झाली म्हणजे ती आई व्हायला तयार झाली, असा समज आजही अनेक घरांत आहे. तो चुकीचा आहे. पाळी आल्यानंतरही शरीराची वाढ कित्येक वर्षे चालू असते. मुलीची उंची वाढायची थांबते, तरी बाळ ज्या हाडांमधून बाहेर येतं ती कमरेची हाडं रुंदावतच असतात.

२० वर्षांच्या आत

या वयात दिवस राहिले तर वाढणारी आई आणि पोटातलं बाळ, दोघांना एकाच ताटातलं पुरवावं लागतं. त्यात आधीच रक्त कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना ॲनिमिया आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की २० ते २४ वयाच्या मातांपेक्षा १० ते १९ वयाच्या मातांना आकडी येणं आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणं, याचा धोका जास्त असतो. त्यांची बाळं ३७ आठवड्यांआधी जन्मण्याची किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असण्याची शक्यताही जास्त. फार लहान वयात बाळंतीण अडू शकते. गरिबी, अपुरं शिक्षण आणि उशिरा मिळणारे उपचार यामुळे धोका आणखी वाढतो.

३५ नंतर

रक्तदाब, मधुमेह, गर्भपात आणि सिझेरियनचं प्रमाण वाढतं. डाऊन सिंड्रोमची शक्यता पंचविशीत साधारण १,२५० मध्ये एक असते, चाळिशीत ती १०० मध्ये एक होते. तरीही वेळेवर तपासण्या केल्या तर बहुतेक बाळं सुखरूप जन्मतात. घाबरून जाऊ नये, पण अंगावरही काढू नये.

आपल्याकडची स्थिती

कायद्याने मुलीचं वय १८ पूर्ण हवं. तरी त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. हा प्रश्न कुठल्याही एका समाजाचा नाही.

घरच्यांनी काय करावं?

- १८ पूर्ण झाल्यावर निकाह झाला तरी पाळणा लगेच हलायलाच हवा असं नाही. साधनांबद्दल नवरा-बायको दोघांनी डॉक्टरांना विचारावं. सासूबाईंनी "खुशखबर कधी?" म्हणून घाई करू नये.
- दिवस राहिल्यास पहिल्या १२ आठवड्यांत आशाताईंकडे नाव नोंदवा.
- लोह-फॉलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस.
- दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.
- कार्डावर खरं वय सांगा. १७ ची मुलगी १९ ची लिहिली, तर डॉक्टरांना धोका कळणार कसा? कायद्याच्या भीतीने काही घरं दवाखानाच टाळतात. त्याची किंमत मुलीला जिवाने मोजावी लागू शकते.
- डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं: सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.