दोन पडद्यांमधला सूर

निपाणीची ओळख तंबाखूने होते. तंबाखू मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली, विजापूरच्या दरबारात रुजली आणि इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग या वकिलाने ती विजापुराहूनच अकबर बादशहापुढे नेऊन ठेवली. पुढे निपाणीच्या काळ्या रानात ती अशी वाढली की, आज हे पीक परके आहे असे तेथील शेतकऱ्याला सांगितले तर तो हसेल. पिकांचे जे झाले तेच वाद्यांचेही होते. परक्या मातीतून आलेले वाद्य एखाद्या समाजाच्या हाती पडते, आणि तो समाज आपल्या गळ्यातले दुःख व आनंद त्यातून काढू पाहतो. मात्र वाद्याची घडण वेगळ्या गाण्यासाठी झालेली असते. अशा वेळी गाण्याने वाद्यापुढे वाकावे की वाद्याने गाण्यापुढे, हा प्रश्न उभा राहतो.

मॅन्डोलिन हे इटलीतील नेपल्सचे वाद्य. पोलादी तारांच्या चार जोड्या, आखूड दांडी आणि तीवर पक्के बसविलेले धातूचे पडदे, अशी त्याची रचना. तारा व्हायोलिनप्रमाणेच लावतात. सतारीचे पडदे सरकविता येतात आणि तार बाजूला ओढून एकाच पडद्यावर चार-पाच सुरांची मींड घेता येते. मॅन्डोलिनच्या आखूड आणि ताठ जोडतारा सहसा ओढल्या जात नाहीत. म्हणून वादक तारेवर नखीचे जलद आघात करून सूर लांबवितो. युरोपच्या गाण्याला तेवढे पुरेसे होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या वाद्याचा अमेरिकेत मोठा बोलबाला झाला. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिराने १८९८ साली आपल्या नव्या घडणीच्या मॅन्डोलिनचे पेटंट घेतले, गावोगाव मॅन्डोलिनची वाद्यवृंदे निघाली आणि स्वस्त वाद्ये टपालाने खेडोपाडी पोहोचू लागली. ती दक्षिणेकडील कापसाच्या मुलखातही गेली. तेथे गुलामगिरीतून १८६५ साली कायद्याने मुक्त झालेला, पण कर्जाने आणि वर्णद्वेषाने जखडलेला काळा समाज राबत होता. त्याच समाजाच्या गाण्याला ‘ब्लूज’ हे नाव पडले.

ब्लूजचे मर्म त्यातील ‘वाकविलेल्या’ सुरांत आहे. आपल्या भाषेत सांगायचे, तर त्यातील गंधार ना पुरता कोमल, ना पुरता शुद्ध; निषादाचीही तीच गत. हा सूर पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये किंवा मॅन्डोलिनच्या दोन पडद्यांमध्ये कोठेतरी असतो. म्हणजे वाद्यावर तो नसतोच. असे असता टेनेसी राज्यातील ब्राउन्सव्हिलच्या यँक रॅचेल या काळ्या वादकाने हयातभर मॅन्डोलिनवर ब्लूज वाजविले. आपण लहानपणी आईने दिलेले डुकराचे पिल्लू देऊन शेजाऱ्याचे मॅन्डोलिन घेतले, अशी हकीकत तो स्वतः सांगत असे. आई अर्थातच संतापली. हिवाळ्यात इतरांच्या घरी मांस शिजेल तेव्हा तू हे मॅन्डोलिन खा, असे तिने त्याला बजावले. गरिबाच्या घरात वाद्याची किंमत कशी मोजली जाते, हे त्या एका वाक्यात आले. रॅचेलने १९२९ साली मेम्फिस येथे गायक स्लीपी जॉन एस्टिस याच्या साथीला ध्वनिमुद्रणे केली आणि १९९७ साली मृत्यू येईपर्यंत हे वाद्य सोडले नाही. तो तारा नेहमीपेक्षा खाली उतरवून लावी. त्यामुळे त्या सैल पडत आणि आवाज घोगरा व माणसाच्या जवळचा होई. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर बोट घसरविणे, दोन लगतचे सूर एकाच आघातात चिरडणे, अशा युक्त्यांनी ब्लूजचे मॅन्डोलिनवादक कानाला मधल्या सुराचा भास देत. वाद्यात नसलेला सूर अशा रीतीने हाताने निर्माण झाला.

आता निपाणीच्या आसपास दृष्टी टाकली, तर हाच झगडा आपल्याकडे पेटीवर झालेला दिसतो. पेटीही युरोपची आणि तिच्याही पट्ट्या पक्क्या. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचा ध्यास घेऊन १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाच्या उत्साहाचे साहाय्य लाभले. लंडनच्या कारखान्यातून श्रुतींची पेटी तयार होऊन आली. यंत्र बदलून प्रश्न सोडविण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता. तथापि ती पेटी रूढ झाली नाही. कारण आपल्या गाण्यातील सूर जागेवर उभा राहत नाही. तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो, आणि त्या जाण्यातच त्याचे सौंदर्य असते. पट्ट्या कितीही वाढविल्या तरी वाट पट्टीवर मांडता येत नाही.

दुसरा उपाय बहिष्काराचा होता. १ मार्च १९४० पासून नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला. पेटीत मींड नाही, तिचे सूर आपले नाहीत, हा आक्षेप होता. आणि शास्त्राच्या दृष्टीने तो खोटाही नव्हता. ही बंदी १९७१ साली सैल झाली. बेळगावचे रामभाऊ विजापुरे यांचा जन्म १९१७ चा. म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षापासून चोपन्नाव्या वर्षापर्यंत, कलावंताच्या भराच्या काळात, त्यांचे वाद्य नभोवाणीला अस्पृश्य होते. त्या एकतीस वर्षांची भरपाई कोणी करू शकत नाही. तरीही त्यांनी बेळगावात पेटी वाजविली, शिकविली आणि मराठी व कानडी अशा दोन्ही घरांतील शिष्य घडविले. २०१० साली ते गेले, तेव्हा पेटी हे बेळगावचे भूषण झाले होते. त्याआधी कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी पेटीला एकल वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली होती. १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. या वादकांनीही रॅचेलसारखाच मार्ग धरला. कणस्वराचा हलका स्पर्श, भात्यावरील हाताने आवाज चढविणे व उतरविणे, आणि गायकाची मींड चालू असता मुद्दाम थांबणे, यांतून पेटी गळ्याच्या जवळ आली.

खुद्द मॅन्डोलिनलाही आपल्याकडे असेच साधक भेटले. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनी मुंबईत राहून नेहमीच्या जोडतारांच्याच मॅन्डोलिनवर राग वाजविले. ताठ तारांतून मींड काढली. आंध्रातील यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी वाद्याला विजेची जोड दिली, जोडतारा काढून पाच एकेरी तारा बसविल्या आणि कर्नाटक संगीतातील गमके त्यांवर उतरविली. एकाने बोट बदलले, दुसऱ्याने वाद्य बदलले. पण दोघांनीही गाणे बदलले नाही. ब्लूजमधून निघालेले जॅझही याच किनाऱ्यावर आले. १९३५ नंतर मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड हे अमेरिकेतील काळे वादक वाजवू लागले आणि गोव्याच्या वादकांनी त्यांची विद्या उचलली. अल्डोण्याचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले आणि सी. रामचंद्र यांच्या संगीतातून त्यांचा ट्रम्पेट मराठी कानांपर्यंत पोहोचला.

वाद्य परके की आपले, हे जन्मदाखल्यावरून ठरवता येत नाही. ज्यांनी बंदी घातली त्यांचे कान खोटे नव्हते. पण त्यांनी फक्त वाद्य ऐकले, वाजविणारा हात ऐकला नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निपाणी आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून कागदावरची रेघ आणि ओठांवरची भाषा यांतील अंतर या मुलखाला रोज मोजावे लागते. पक्क्या पडद्यांच्या मधल्या जागेतही सूर असतो, तो ऐकू येतो आणि तो खरा असतो, हे समजायला या मुलखातील माणसाला शास्त्राचा आधार लागणार नाही.