निवटीचा उतार

रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जाण्याची वाट पनवेलच्या खाडीतून होती. मचव्याने बंदरात उतरायचं आणि 1830 साली खुल्या झालेल्या घाटरस्त्याने वर चढायचं. धक्क्यापलीकडचा काठ चिखलाचा आणि तिवरांचा.

त्या चिखलात माणसाने मोठा फेरफार केला तो भातासाठी. जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात मातीदगडाचे बांध घालून खाजणं शेतीखाली आणली गेली. बांध भरती अडवी, उघाडी ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडी. 1948 च्या खारजमीन कायद्याने या बांधांत सरकारही उतरलं. आतली जागा निवट्या-चिंबोऱ्यांच्या हातून गेली, हे खरंच. पण बांधाबाहेर उतरता काठ उरला, आणि बारीक जिवांचं सारं काही त्या उतारावर चालतं.

वर तिवरांच्या मुळांत खेकडे, मधल्या मऊ गाळात बिळं करून राहणारी निवटी मासळी, खाली शिंपले आणि गाळातले किडे. ज्याला जितका वेळ पाण्याबाहेर राहणं सोसतं, तितक्या उंचीवर त्याचं घर. कोळंबीची, जिताड्याची पिल्लं भरतीबरोबर याच उथळ पाण्यात शिरतात, कारण मोठे मासे तिथवर येत नाहीत. उभी भिंत घातली की हा लांबरुंद पट्टा काही फुटांत संपतो. भिंतीवर कालवं धरतात, पण बीळ करणाऱ्याला दगड काय कामाचा?

मग या भागात शहर आणि बंदर आलं. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर (जेएनपीटी) सुरू झालं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी तर उलवे नदीचा प्रवाहच वळवला गेला.

याची किंमत कुणी मोजली? 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने जेएनपीटी, ओएनजीसी आणि सिडकोला 1630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तिवरांची तोड आणि भरतीच्या पाण्याला झालेला अडथळा हे त्यामागचे मुद्दे होते. रक्कम माणसांना मिळते. चिखल परत येत नाही.

अमेरिकेतल्या सिएटलने 2017 मध्ये नवी समुद्रभिंत पुरी केली, तेव्हा वरच्या पदपथात काच बसवली. सामन माशाची पिल्लं पदपथाच्या गडद सावलीत शिरायला कचरतात, म्हणून खाली उजेड सोडला. भिंतीला खाचा ठेवल्या, पायथ्याशी पाणी उथळ केलं. आपल्याकडे सामन नाही, जिताडा आहे. त्याची पिल्लं खाडीतून आणून गावतळ्यात वाढवण्याची रायगडात जुनी रीत आहे. पनवेल खाडीवरच्या पुढच्या प्रत्येक धक्क्याच्या नकाशात पायथ्याचा उतार आणि भरतीची वाट आधी आखायला हवी, खांब त्यानंतर.