दैव आणि प्रयत्न : गाडगे महाराजांची भूमिका

माणसाचे सुखदुःख आधीच ठरलेले असते, या समजुतीला वऱ्हाडात ‘नशीब’, ‘प्रारब्ध’, ‘संचित’ अशी नावे आहेत. कपाशी पावसावर अवलंबून, त्यात सावकाराचे कर्ज. अशा मुलखात ही समजूत मुरली तर नवल नाही. तिला सर्वांत थेट आव्हान दिले ते गाडगे महाराजांनी (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६).

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावच्या परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच पुढचे गाडगे महाराज, यांचे वडील दारूच्या व्यसनामुळे लवकर गेले. मूर्तिजापूरजवळील दापुरे येथे, मामाच्या घरी, ते गुरे राखत आणि शेतात राबत वाढले. पुढे मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली. कर्ज, व्यसन आणि निरक्षरता यांना गाव नशीब म्हणते, पण ती माणसाच्याच हातची असतात, हे त्यांनी घरातच पाहिले. १९०५ मध्ये घर सोडल्यावर त्यांच्या कीर्तनांचा हाच गाभा राहिला. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. त्यामुळे दैववादाचे खंडन ऐकणाऱ्याला स्वतःचेच वाटे. या पद्धतीचे सामर्थ्य मोठे होते. कीर्तनाआधी गाव झाडणे हाही त्याच शिकवणीचा भाग. जेवणाचे ताट मोडा, पण मुलांना शिकवा, असा त्यांचा आग्रह असे.

दैवाऐवजी प्रयत्नाच्या याच वाटेवर यावलीचे तुकडोजी महाराज यांनी ‘ग्रामगीते’तून गावाच्या सामूहिक प्रयत्नांवर भर दिला.